एक खूण, अनेक कारणे : लाखोळीच्या इतिहासाचे वाचन

साहित्याच्या अभ्यासकाला एक गोष्ट फार लवकर शिकावी लागते. दोन कवितांत एकच प्रतिमा आढळली म्हणून त्या कवितांचा उगम एक ठरत नाही. भाषेपाशी प्रतिमांचा साठा मर्यादित असतो आणि सांगण्याजोगे पुष्कळ असते. म्हणून त्याच प्रतिमा वेगवेगळ्या कामांसाठी पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. वाचकाने प्रतिमा ओळखली तरी अर्थ हाती येत नाही. त्यासाठी कविता कोठे, केव्हा आणि कोणासाठी लिहिली गेली हे पाहावे लागते. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांबाबतही असेच आहे, हे वैद्यकशास्त्राच्या सावकाश ध्यानात आले. मज्जासंस्थेला बिघडण्याच्या वाटा थोड्या आहेत. त्यामुळे परस्परांशी काहीही नाते नसलेले आजार सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि एकाच रुग्णाच्या मेंदूत तीन निरनिराळ्या आजारांच्या खुणा शेजारी शेजारी सापडतात.

या विषयाकडे आम्ही एका अनपेक्षित वाटेने जाणार आहोत. ती वाट गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीतून निघते. तेथे पिकणारे लाखोळी नावाचे कडधान्य आणि त्याच्या नावे जमा झालेला पांगळेपणा यांचा इतिहास आम्हाला मांडायचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : मेंदूत आणि मज्जारज्जूत उरलेली खूण काय बिघडले ते सांगते, का बिघडले, हे ती एकटी सांगू शकत नाही. त्यासाठी शेतीचा, मजुरीचा, दुष्काळाचा आणि कायद्याचा इतिहास वाचावा लागतो.

१. बांधीतले दुसरे पीक

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा त्याचा इतिहास म्हणजे भंडाऱ्याचाच इतिहास. वैनगंगेचे खोरे, कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले जुने तलाव आणि त्या पाण्यावर पिकणारे धान ही या झाडीपट्टीची ओळख आहे. धानाच्या चिखलट, भारी जमिनीत पाऊस सरल्यावरही ओल टिकून राहते. ती वाया जाऊ नये म्हणून येथील शेतकऱ्याने एक जुनी रीत सांभाळली आहे. धान बांधीत उभे असतानाच त्यात लाखोळी किंवा जवस फेकून पेरायचे. या रीतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. धान कापून नेले की खाली उगवलेली रोपे मोकळ्या उन्हात वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा भरतात.

लाखोळी, लाखोरी, लाख ही या पिकाची इकडची नावे. छत्तीसगडात त्याला तिवडा म्हणतात, उत्तरेत खेसारी. त्याचा कोवळा पाला भाजीला होतो, दाण्याची डाळ होते, डाळीचे पीठ होते, कुटार जनावरांना जाते आणि मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात. ज्याच्यापाशी भांडवल नाही, त्याच्यासाठी याहून सोयीचे पीक शोधून सापडणार नाही.

या पिकाचा मोठा गुण असा की ते पाण्याच्या टंचाईत तग धरते आणि अतिवृष्टीतही सहसा मरत नाही. धान गेले, गहू गेला, हरभरा गेला, तरी लाखोळी उरते. तिच्यातले संकटही याच गुणातून उद्भवते. दाण्यात एक मज्जाविषारी द्रव्य असते. भात, भाजी, इतर डाळी यांच्या सोबतीने थोडी लाखोळी खाणाऱ्याला त्याची बाधा सहसा होत नाही. परंतु रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग केवळ लाखोळीचा होऊ लागला आणि असे दोन-तीन महिने चालले, की काही माणसांचे पाय ताठर होऊ लागतात. एवढी लाखोळी कोणी आवडीने खात नाही. दुसरे काही उरले नाही की ती खाल्ली जाते. शिवाय पाण्याचा ताण पडलेल्या रोपाच्या बियांत विषाचे प्रमाण वाढू शकते. म्हणजे ज्या वर्षी माणूस लाखोळीवर सर्वाधिक अवलंबून, नेमकी त्याच वर्षी ती अधिक घातक होण्याची शक्यता.

२. जुने साक्षीदार

हे ज्ञान नवे नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदग्रंथात त्रिपुट या नावाने या धान्याचा उल्लेख आहे आणि ते माणसाला लंगडे-पांगळे करते असे त्याच्या गुणदोषांत सांगितले आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या लेखनात, सतत कडधान्येच खावी लागलेल्या एका नगरातील लोकांच्या पायांतले बळ गेल्याची नोंद सापडते. १६७१ साली जर्मनीतील वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने पावात या धान्याचे पीठ मिसळण्यावर बंदी घातली. अन्नाविषयीच्या बंदीचे हे एक जुने उदाहरण म्हणावे लागेल.

स्पेनमध्ये या धान्याला ‘आल्मोर्ता’ म्हणतात. नेपोलियनच्या सैन्याशी युद्ध चालू असताना, १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि शहरातील गरिबांनी आल्मोर्ताच्या पिठाच्या लापशीवर दिवस काढले. फ्रान्सिस्को गोया या चित्रकाराने युद्धाच्या भयावहतेवर जी कोरीव चित्रमालिका केली, तिच्यातील एक चित्र या लापशीच्या वाटपाचे आहे. भुकेलेली माणसे वाडग्याभोवती गोळा झाली आहेत आणि एक स्त्री जमिनीवर आडवी पडली आहे. चित्राच्या शीर्षकात गोया आल्मोर्ताचे आभार मानतो. त्या स्त्रीचे पाय गेले असावेत, असे वाचन नंतरच्या वैद्यकांनी केले आहे. ते मान्य करावे की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु ज्या अन्नाने जीव वाचवला त्याच अन्नाने माणसाला खाली बसवले, हा विरोध त्या एका शीर्षकात मावला आहे, हे साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही.

भारतातील सर्वाधिक उद्धृत होणारी एकोणिसाव्या शतकातील साक्ष विल्यम स्लीमन याची आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या या अधिकाऱ्याने १८४४ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत सागर भागातील हकीकत येते. १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने आणि १८३१ साली रोगाने गहू बुडाला. तिन्ही वर्षी तिवडा मात्र उत्तम आला. लोक त्यावर जगले, आणि तिशीच्या आतील पुष्कळ तरुणांचे कमरेखालचे अंग अचानक लुळे पडले. स्लीमनची नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते ती तिच्या क्रमामुळे. तो आधी हवामान सांगतो, मग पिके, मग अन्न आणि शेवटी शरीर. नंतरच्या वैद्यकीय वाङ्मयात हा क्रम हळूहळू उलटा झाला. शरीर आणि दाणा तेवढे राहिले. हवामान व गरिबी प्रास्ताविकात गेली.

या बदलात नामकरणाचा वाटा आहे. १८७३ साली नेपल्सच्या आर्नाल्दो कान्तानी यांनी वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून या आजाराला ‘लॅथिरिझम’ असे नाव दिले. नावातच कारण सांगितले गेले. रोगाला वनस्पतीचे नाव मिळाले की आरोपी वनस्पती ठरते. दुष्काळ, सावकारी किंवा वेठ यांपैकी कशाचेही नाव रोगाला मिळत नाही.

रुग्णांच्या वर्गीकरणाची भाषाही पाहण्यासारखी आहे. आजाराची तीव्रता भारतातील वैद्यकांनी काठीवरून मोजली. पहिली अवस्था बिनकाठीची : माणूस चालतो, पण गुडघे आखडलेले, पावले एकमेकांत अडखळणारी. दुसरी एककाठी, तिसरी दोनकाठी आणि शेवटची रांगणाऱ्याची. हातांत बळ राहते, बुद्धी शाबूत राहते, बोलणे स्पष्ट राहते. जातात ते पाय. धान्य खाणे थांबवले तर आजार सहसा पुढे सरकत नाही, पण गेलेले परतही येत नाही. विशीतल्या मजुराला पुढची चाळीस वर्षे त्याच काठीवर काढावी लागतात. वैद्यकाच्या परिभाषेत सहसा न आढळणारा प्रत्यक्षपणा या चार शब्दांत आहे. तो रोग्याच्या घरातून आला आहे.

३. बंदी आणि रेणू

स्वातंत्र्यानंतर विंध्य प्रदेशातील, विशेषतः रीवा जिल्ह्यातील पाहण्यांनी या आजाराचे खरे रूप पुढे आणले. तेथे हजारो माणसे पांगळी झाली होती आणि त्यांतील फार मोठा वर्ग भूमिहीन, बांधील मजुरांचा होता. मालकाकडून मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात तिवड्याचा भाग मोठा असे. काय खायचे हे मजूर ठरवत नव्हता. याच सुमारास, १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली केसरी डाळीच्या विक्रीला मनाई करणारा नियम आला आणि १९६१ साली महाराष्ट्रात ही बंदी लागू झाली. बंदी विकण्यावर होती. शेतकऱ्याच्या बांधीत लाखोळी उगवत राहिली आणि त्याच्या घरात शिजतही राहिली. बाजारात मात्र ती चोरटी झाली. शेजारच्या मध्य प्रदेशात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमध्येही, हे पीक मोठ्या क्षेत्रावर होत राहिले. तुरीच्या डाळीत आणि बेसनात लाखोळीची भेसळ होते ही तक्रारही जुनी आहे, आणि बंदीच्या समर्थनात ती नेहमी पुढे केली गेली.

१९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी दाण्यातील विष वेगळे केले. त्याच वर्षी दिल्लीतील मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन हेही त्याच द्रव्यापर्यंत पोहोचले. ओडीएपी या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. ते एक अमिनो आम्ल आहे, पण शरीरातील प्रथिनांत न आढळणारे. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. ओडीएपी त्याची नक्कल करते. ग्लुटामेटसाठी राखलेल्या दारांतून ते पेशीला वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित करत राहते आणि पेशी त्या ताणाने खचते. सर्वाधिक झळ बसते ती मेंदूपासून मज्जारज्जूच्या खालच्या टोकापर्यंत जाणाऱ्या लांब तंतूंना. पायांच्या हालचाली याच तंतूंच्या हाती असतात.

हे द्रव्य पाण्यात विरघळते, म्हणून डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिले की विष बरेच कमी होते. दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही दुर्मिळ असतात, हेही येथेच लक्षात घ्यावे. बेल्जियममधील गेन्ट येथील फर्नांड लाम्बाइन यांच्या संशोधनाने आणखी एक बाजू पुढे आणली. आहारात गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव असेल तर या विषाचा मारा अधिक लागतो, आणि लाखोळीत नेमकी त्यांचीच वानवा असते. तांदूळ, दूध, अंडी अशा अन्नाची जोड मिळाली तर ती उणीव काही अंशी भरून निघते. म्हणजे विषाचा परिणाम ताटातील इतर पदार्थांवर अवलंबून राहिला. रेणूचा शोध लागूनही गरिबी समीकरणातून वगळता आली नाही.

४. छावणीतून आलेला मज्जारज्जू

आता आपल्याला गोंदियापासून दूर जावे लागेल, कारण या आजारात मज्जासंस्थेच्या आत काय घडते याविषयीचा महत्त्वाचा पुरावा युरोपातील एका छावणीच्या इतिहासातून आला आहे. पांगळेपणाने माणूस मरत नाही. तो पुढे कित्येक वर्षांनी आपल्या गावी, दुसऱ्याच कारणाने मरतो. त्यामुळे शवविच्छेदनाचा प्रसंग क्वचितच येतो, आणि पोटभर अन्न ज्यांना मिळाले नाही त्यांच्या मज्जारज्जूची तपासणी करायला प्रयोगशाळा त्यांच्या गावात नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील ट्रान्सनिस्ट्रिया प्रदेशात व्हाप्नियार्का येथे ज्यूंना डांबले होते. १९४२ च्या अखेरीपासून कैद्यांना घोड्यांसाठी साठवलेले लाखोळीचे दाणे शिजवून देण्यात येऊ लागले. काही आठवड्यांतच अनेकांचे पाय ताठरले. कैद्यांमध्येच असलेल्या आर्थर केसलर या डॉक्टरांनी हा लॅथिरिझम असल्याचे ओळखले. कैद्यांनी ते अन्न नाकारले आणि अखेर ते बंद झाले. वाचलेल्यांपैकी बरेच जण पुढे इस्रायलमध्ये गेले, केसलरही गेले, आणि तेथील चेतातज्ज्ञांनी त्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला.

छावणीत हा आजार जडलेल्या आणि तीसहून अधिक वर्षे तो घेऊन जगलेल्या एका रुग्णाच्या मज्जासंस्थेची तपासणी १९७६-७७ मध्ये प्रसिद्ध झाली. पायांकडे जाणारे प्रेरक तंतू कमरेच्या भागात झडलेले होते. ते अपेक्षितच होते. परंतु मज्जारज्जूच्या पेशींत आणखीही काही आढळले : सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दिसणाऱ्या, दांड्यासारख्या रचना. तपासणाऱ्यांत असाओ हिरानो होते आणि त्या रचना त्यांच्याच नावाने, हिरानो पिंड म्हणून, ओळखल्या जातात. हिरानोंनी त्या प्रथम लाखोळीच्या रुग्णांत पाहिल्या नव्हत्या. त्या त्यांना १९६० च्या दशकात पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर, अगदी वेगळ्या आजाराने मेलेल्या माणसांच्या मेंदूत भेटल्या होत्या.

५. ग्वाम : सीमा पुसलेला आजार

ग्वामच्या चामोरो लोकांत विसाव्या शतकाच्या मध्यास एक आजार इतरत्र आढळणाऱ्या प्रमाणाच्या कित्येक पटींनी दिसत होता. त्याची दोन रूपे होती. एकात स्नायू झिजत जाऊन माणूस दोन-चार वर्षांत मरे. दुसऱ्यात पार्किन्सनसारखी कंपवाताची लक्षणे आणि स्मृतिभ्रंश एकत्र येत. स्थानिक लोक त्यांना लिटिको आणि बोडिग अशी दोन नावे देत आणि दोहोंचा उल्लेख जोडीने करत. एकाच कुटुंबात दोन्ही आढळत, कधी एकाच माणसात. ऑलिव्हर सॅक्स यांच्या १९९७ च्या ‘द आयलंड ऑफ द कलरब्लाइंड’ या पुस्तकाचा उत्तरार्ध याच बेटाविषयी आहे. साहित्याच्या वाचकांना हा विषय बहुधा तेथूनच परिचित असेल.

१९६१ साली हिरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेंदूंचे वर्णन केले तेव्हा तज्ज्ञ चकित झाले. अल्झायमरच्या आजारात पेशींमध्ये जे तंतूंचे गुंते आढळतात तसेच गुंते येथे भरपूर होते. पण अल्झायमरमध्ये त्यांच्या जोडीने दिसणारे बाहेरचे साचलेले ठिपके जवळजवळ नव्हते. गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे होते. पुढे याच मेंदूंत अल्फा-सायन्यूक्लिन हे पार्किन्सनच्या आजाराशी जोडलेले प्रथिनही सापडले. २००६ साली स्नायूक्षयाच्या प्रेरकपेशी-आजारात टीडीपी-४३ या तिसऱ्या प्रथिनाचा साठा असतो हे उघड झाले, आणि त्यानंतर ग्वामचे जतन केलेले मेंदू पुन्हा तपासले तेव्हा त्यांत तेही होते. पाठ्यपुस्तकांनी तीन स्वतंत्र प्रकरणांत ठेवलेल्या खुणा एकाच बेटावरील एकाच आजारात एकत्र नांदत होत्या. आज अशी सरमिसळ अपवाद मानली जात नाही. वृद्धांच्या मेंदूंच्या तपासणीत एकाहून अधिक विकृती एकत्र सापडणे हे नेहमीचे झाले आहे. ग्वामने ते आधी आणि ठळकपणे दाखवले एवढेच.

ग्वाम आणि लाखोळी यांचे नाते हिरानोंच्या पिंडांपुरते नाही. चामोरो लोक सायकॅड या वनस्पतीच्या विषारी बियांचे पीठ, वारंवार पाण्यात धुऊन, खात असत. १९६४ साली लाखोळीतील विष सापडल्यानंतर तशाच जातीचे द्रव्य सायकॅडमध्ये असेल काय, असा प्रश्न ब्रिटिश रसायनज्ञ आर्थर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला, आणि १९६७ मध्ये बीएमएए हे अमिनो आम्ल त्यांच्या हाती लागले. रचनेने ते ओडीएपीचे नातलगच आहे. १९८६ साली पीटर स्पेन्सर यांनी लाखोळीचे विष देऊन माकडांत पायांच्या प्रेरक मार्गातील बिघाड दाखवला आणि १९८७ साली बीएमएए देऊन ग्वामसदृश लक्षणे दाखवली. म्हणजे मध्य भारतातल्या गरिबांच्या डाळीवरून पॅसिफिकमधल्या बेटाचे कोडे सोडवण्याचा प्रयत्न झाला. हा प्रयत्न सर्वांना पटला नाही. धुतलेल्या पिठात उरणारे विष फार थोडे असते आणि माकडांना दिलेली मात्रा फार मोठी होती, असा आक्षेप आला. पुढे सायकॅडच्या बिया खाणाऱ्या वटवाघळांच्या मांसातून विष साठत गेले असावे अशी उपपत्ती पुढे आली. तिच्यावरही वाद झाले. आजार बेटावरून ओसरत गेला आणि निर्णायक उत्तर मात्र मिळालेले नाही. मेंदू जतन करून ठेवलेले आहेत, प्रथिनांची नावे ठाऊक आहेत, तरीही कारण हाती नाही.

६. खुणेचे वाचन

येथे दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहू. लाखोळीच्या पांगळेपणाचे कारण आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे आणि शवविच्छेदने अगदी थोडी आहेत. ग्वामची शवविच्छेदने भरपूर आहेत आणि कारण वादग्रस्त आहे. मग पहिल्याचे कारण कशावरून ठाऊक झाले? रसायनशास्त्राने ते पक्के केले हे खरे. पण संशय आधी आला तो स्लीमनसारख्यांच्या नोंदींतून, रीवातील मजुरीच्या चौकशीतून, व्हाप्नियार्कातील स्वयंपाकघरातून. कोणी काय खाल्ले, किती दिवस खाल्ले आणि का खाल्ले, या प्रश्नांतून.

ताठरलेल्या पायांपुरते पाहिले तरी हेच दिसते. आफ्रिकेत कोंझो नावाचा आजार आहे. काँगोतील याका भाषेत त्या शब्दाचा अर्थ बांधलेले पाय असा होतो. लक्षणे लाखोळीच्या आजाराशी इतकी जुळतात की रुग्ण शेजारी उभे केले तर ओळखणे कठीण. पण तेथे लाखोळी नाही; तेथे घाईने, अपुरे भिजवून खाल्लेला कडू कसावा आणि त्यातील सायनाइड आहे. तेथेही पार्श्वभूमी दुष्काळाची आणि युद्धाची असते. वेस्ट इंडीजमधील अशाच पांगळेपणामागे १९८५ साली एक विषाणू सापडला. काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. आपल्याकडे मणक्याच्या क्षयामुळेही पाय जातात. प्रत्येक वेळी प्रेरक मार्ग बिघडलेला असतो आणि प्रत्येक वेळी कारण निराळे असते. म्हणून चांगला डॉक्टर रुग्णाला हकीकत विचारतो. खुणा जिथे एकमेकींवर चढतात, तिथे हकीकतच भेद दाखवते.

अर्थात हकीकतही निर्दोष पुरावा नसते. जिथे लाखोळी पिकते तिथे प्रत्येक पांगळ्या माणसाने ती खाल्लेली असणारच. तेवढ्यावरून तीच कारण ठरत नाही. वर सांगितलेले आजार लाखोळीच्या प्रदेशातही होऊ शकतात आणि त्यांतील काहींवर उपचार आहेत. नाव आधीच ठरलेले असेल तर उपचाराची संधी हुकते. खूण हकीकतीला ताळ्यावर ठेवते आणि हकीकत खुणेला. दोहोंपैकी एकीवर विसंबून चालत नाही.

७. गोंदियातला वाद

या प्रकाशात गोंदिया-भंडाऱ्यातील बंदीचा वाद पुन्हा पाहता येतो. नागपूरच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठवावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला. लाखोळी हे गरिबाचे स्वस्त प्रथिन आहे, पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या ती खाल्ली जात आहे आणि बंदीने शेतकऱ्याचे नुकसान तेवढे झाले, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या बाजूने बोलणारे हेही दाखवून देत की ओडीएपी हाच रेणू चीनमधील एका औषधी मुळीत असून रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याचा उपयोग सांगितला जातो. विरुद्ध बाजू प्रयोगशाळेतील पुराव्याकडे आणि रीवाच्या रुग्णांकडे बोट दाखवी. २००८ साली महाराष्ट्र शासनाने बंदी उठवली. देशपातळीवरील अन्नसुरक्षा नियमांत मात्र २०११ सालीही केसरी डाळीवरील निर्बंध कायम राहिले.

बंदी उठल्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यातील पाच गावांत १०५ कुटुंबांची पाहणी केली; तिचा अहवाल २०१४ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. लाखोळी पिकत होती, खाल्ली जात होती, पण जुन्या वर्णनांत दिसते तशी पांगळेपणाची साथ तेथे नव्हती. दरम्यान कृषी संशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण काढले.

दोन्ही पक्षांचे वाचन आम्हाला अपुरे वाटते. बंदी मागणाऱ्यांनी दाण्यातले विष पाहिले आणि ताटातला अभाव पाहिला नाही. बंदी उठवू पाहणाऱ्यांपैकी काहींनी आजच्या ताटाकडे पाहून विषच नाकारले. धानासोबत, इतर डाळींसोबत, भाजीपाल्यासोबत खाल्लेली लाखोळी गोंदियात पचली, कारण तिच्या भोवती दुसरे अन्न होते. रेशनचे धान्य, रोखीतील मजुरी, सिंचन यांनी ते अन्न पुरवले. हा आधार सुटला तर तोच दाणा पुन्हा पांगळे करू शकतो. इथिओपियात १९७० च्या दशकात आणि पुन्हा १९९० च्या दशकात तसे घडलेही. निरुपद्रवीपणा हा दाण्याचा गुण नव्हे. तो एका सामाजिक व्यवस्थेचा परिणाम आहे आणि व्यवस्था टिकेल तोवरच टिकणारा आहे.

मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की या इतिहासात जिथे जिथे चूक झाली, तिथे ती बरीचशी वाचनाची चूक होती. खुणेला कारण मानले गेले, नावाला स्पष्टीकरण मानले गेले, एका काळचे ताट सर्व काळांचे मानले गेले. झाडीपट्टीत लाखोळीवर दिवस काढलेल्या वर्षांच्या आठवणी अजून वृद्धांच्या बोलण्यात आहेत. कोणत्या साली धान गेले, त्या साली घरात काय शिजले, मजुरी कशात मिळाली, भिजवलेले पाणी टाकत की तेच प्यायला वापरत, गावात काठीवर कोण आले, हे प्रश्न बोलीभाषेत विचारता येणारा संशोधक वैद्यकाला सहज मिळत नाही. मराठीच्या विभागांत तो असतो. मेंदूतील खुणा पुढेही एकमेकींवर चढलेल्याच सापडतील. त्यांना सोबत करणाऱ्या हकीकती, सांगणारी माणसे आहेत तोवरच लिहून घ्यायला हव्यात.